इंटरनेटचं आवर्तन

जी वस्तू रोज मिळते ती माणूस नुसती वापरतो. जी आठ दिवसांनी मिळते तिचं तो शास्त्र तयार करतो. हवा रोज मिळते, म्हणून हवेचं शास्त्र शाळेत शिकवावं लागतं आणि तरीही मुलं नापास होतात. छत्रपती संभाजीनगरात नळाच्या पाण्याचं शास्त्र कुणी कधी शिकवलं नाही, पण दुष्काळाच्या त्या दोन-तीन वर्षांत (तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणत) घरटी एक तज्ज्ञ सहज सापडत होता. काही घरांत दोन सापडत, आणि त्यांचं आपसात पटत नसे.

या शास्त्राचे मुख्य सिद्धान्त तीन. एक, पाणी आलं की गरजेचा विचार न करता घरातलं प्रत्येक भांडं भरायचं. आधी ड्रम, मग हंडे-कळशा, शेवटी वाट्या. दोन, पाणी साठून राहिलं की त्याला जोर येतो, म्हणून साठू द्यायचं. तीन, ताजं पाणी आलं की घरातलं जुनं पाणी शिळं झालं असं समजून ओतून द्यायचं. (आठ दिवस जपलेलं, तांब्यानं मोजून वापरलेलं, पाहुण्यांच्या नजरेपासून लांब ठेवलेलं पाणी नळाला धार लागताक्षणी शिळं होतं. काल संध्याकाळी तेच पाणी देवपूजेला चाललं होतं, याचा शास्त्रावर परिणाम होत नाही.)

मुकुंदवाडीच्या पुढं, जिथं पूर्वी ज्वारी डुलायची आणि नंतर प्लॉटचे दगड रोवले गेले, तिथं ‘गोदातीर सहकारी गृहनिर्माण संस्था’ उभी आहे. गोदावरी तिथून एसटीनं दीड तासावर, पैठणला आहे. नाव ठेवताना बिल्डरनं अंतर मोजलेलं नसावं. इमारतीत बारा घरं, खाली जमिनीत हौद आणि गच्चीवर सिमेंटची भलीमोठी टाकी. टाकी इतकी प्रशस्त की माणूस आत ताठ उभा राहील. दुष्काळात हौदातच वीतभर पाणी पडायचं, मोटर लावली तर हवाच ओढायची. त्यामुळं लोक हौदातून बादल्या भरून जिन्यानं वर न्यायचे आणि गच्चीवरची टाकी दोन वर्षं कोरडी ठणठणीत पडून होती.

दुसऱ्या मजल्यावर मधुसूदन सेलूकर राहत. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्याच्या शाखेत गेली. कालव्याचं पाणी कोणत्या शेताला कधी आणि किती वेळ मिळणार याचं वेळापत्रक, म्हणजे आवर्तन, ते आखायचे. सेवानिवृत्त झाल्यावर त्यांना कुणी काही विचारेनासं झालं. घरात आवर्तन आखण्यासारखं काही नव्हतं. एकदा त्यांनी पोळ्यांचं आखून पाहिलं, तेव्हा त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी लाटणं त्यांच्या हातात दिलं आणि तो विषय संपला.

अशा परिस्थितीत सोसायटीत इंटरनेट आलं.

ते आणायची कल्पना विश्वजितची. विश्वजित तिसऱ्या मजल्यावरचा, वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर. मोबाइलवरचं इंटरनेट तेव्हा अजून फुकटाच्या भावात मिळू लागलेलं नव्हतं, आणि रेंज हवी असेल तर गॅलरीत जाऊन स्टेशनाकडं तोंड करून उभं राहावं लागे. त्यानं सुचवलं की बारा घरांत मिळून एक जोडणी घ्यावी आणि एकच राउटर लावावा. सर्वांना ते पटलं. प्रश्न फक्त राउटर कुठं लावायचा एवढाच उरला, आणि त्यासाठी सभा बोलावण्यात आली.

सभेला सभासद अकरा हजर होते आणि मतं सतरा पडली. राउटरमधून किरण निघतात, याबद्दल एकमत होतं. किरणांनी काय होतं याबद्दल पुढीलप्रमाणे मतं आली: केस गळतात (हे मत वीस वर्षांपूर्वीच टक्कल पडलेल्या गृहस्थांचं), दूध नासतं, चिमण्या जातात (सोसायटीत चिमण्या नव्हत्या, म्हणजे परिणाम आधीच सुरू झाला होता), तळलेले पापड लालसर होतात, फ्रीजचं आणि किरणांचं पटत नाही, आणि मुलं उलट बोलतात. तळमजल्यावरच्या मनकर्णाबाईंनी, राउटर जिन्यात लावला तर तिथून जाताना दर वेळी डोक्यावर पदर घ्यावा लागेल, ही व्यावहारिक अडचण मांडली. इंटरनेट मात्र प्रत्येकाला हवं होतं आणि भरपूर हवं होतं.

अध्यक्ष नानासाहेब हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी सर्वांचं ऐकून घेतलं आणि जिथं कुणीच राहत नाही अशी एकमेव जागा सुचवली: गच्चीवरची कोरडी टाकी. भिंती नऊ इंची, आत लोखंडाचं जाळं, वर लोखंडी झाकण. किरणाची काय बिशाद बाहेर पडायची.

“पण काका, टाकीत ठेवला तर नेट खाली घरात कसं येणार?” विश्वजितनं विचारलं.

“पाणी कसं येत होतं?” नानासाहेब म्हणाले.

विश्वजित खाली बसला. ठराव मंजूर झाला.

जादा पाणी बाहेर पडायचा जो पाइप असतो त्यातून वायर आत घेतली गेली आणि राउटर सुरू झाला. आठवडाभर निरीक्षण केल्यावर असं आढळलं की दूध नासत नाही, पापड पांढरेच राहतात आणि मुलं पूर्वीइतपतच उलट बोलतात. म्हणजे संरक्षण पूर्णपणे यशस्वी झालं होतं. त्याच भिंतींमुळं इंटरनेटही बाहेर येत नव्हतं, पण सभेपुढं विषय किरणांचा होता, इंटरनेटचा नव्हता.

आता इंटरनेट बाहेर येत नाही म्हटल्यावर माणसांनी आत जाणं हा सरळ मार्ग होता. टाकीत उतरायला लोखंडी शिडी होतीच. आत एक खुर्ची ठेवली गेली, ट्यूबलाइट लागली, उजेडात दिसलेली कोळिष्टकं काढण्यात आली आणि टाकीला ‘तंत्रज्ञान कक्ष’ असं नाव मिळालं. पहिल्याच दिवशी कक्षात एका वेळी नऊ माणसं उतरली. आवाज इतका घुमला की कोण कुणाशी बोलतोय ते कळेना. एका बाईंनी दुसऱ्याच बाईंच्या जावयाला आवर्जून जेवायला बोलावलं. झाकणाशी बाचाबाची झाली. तेव्हा मधुसूदनराव उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, “आवर्तन आखावं लागेल.”

त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते भानुमतीबाईंनी लग्नातही पाहिलेलं नव्हतं. दोन दिवसांत नियम तयार झाले. त्यांतले महत्त्वाचे असे:

१. आवर्तन शेपटाकडून शिराकडं जाईल. (कालव्याला शेवटच्या शेतकऱ्यापासून सुरुवात करतात, नाहीतर वरचे सगळं पिऊन टाकतात. त्या न्यायानं तळमजला आधी.)

२. प्रत्येक घराला आठ दिवसांतून एकदा एक तास. उरलेल्या वेळात झाकण बंद ठेवून इंटरनेट साठू द्यावं.

३. मोटर लावू नये. (म्हणजे सिनेमे, क्रिकेटचे सामने वगैरे ओढू नयेत. एकानं ओढलं की पुढच्याला बारीक धार येते.)

४. दिलेल्या वेळेत कक्षाचा उपयोग कशासाठी करायचा हा सर्वस्वी त्या घराचा अधिकार राहील. इतरांनी आक्षेप घेऊ नये.

चौथा नियम मागाहून एका गृहस्थांमुळं जोडावा लागला. ते आपल्या वेळेत खाली उतरून, खुर्ची बाजूला सारून, चक्क झोपायचे, कारण इमारतीत तेवढी एकच जागा शांत होती. तक्रार झाली तेव्हा मधुसूदनरावांनी कालव्याचा दाखला दिला: आपल्या वाट्याचं पाणी शेतकऱ्यानं कापसाला द्यावं की मक्याला, हे खातं विचारत नाही. या नियमाचा त्यांना विशेष अभिमान होता.

दुसऱ्या नियमाला विश्वजितनं हरकत घेतली. इंटरनेट साठत नसतं, असं त्याचं म्हणणं. मधुसूदनरावांनी वाद घातला नाही. त्यांनी त्याला रात्रभर बंद असलेल्या टाकीतली पहाटेची वेळ दिली आणि प्रामाणिकपणे सांगायला सांगितलं. विश्वजित वर आला तो मान खाली घालून. वेग खरोखरच जबरदस्त होता. “पण काका, तो रात्री नेट कुणी वापरत नाही म्हणून—” एवढं तो म्हणाला. “तेच म्हणतोय मी,” मधुसूदनराव म्हणाले. तिथून पुढं विश्वजितनं तज्ज्ञांच्या नादी लागणं सोडलं.

झाकण उघडायचं, वेळ संपली की वरून शिडी वाजवायची, हे काम वॉचमन मल्हारीकडं दिलं होतं. मल्हारी पैठणकडचा, मेंढपाळाच्या घरातला. भाऊ अजून मेंढरांमागं असायचा. गच्चीवर मोबाइल छातीशी धरून ताटकळणारे सभासद पाहून तो एकदा म्हणाला, “आमची मेंढरं बी सांजच्याला अशीच वाड्याच्या तोंडाशी उभी ऱ्हात्यात काका. पन त्येंना आत जायची येवढी घाई नसती.” हे मत सभेत न मांडल्यामुळं त्याची नोंद झाली नाही.

आठ दिवसांनी मिळणारी वस्तू हाती आल्यावर गोदातीरच्या रहिवाशांनी कुणी न शिकवता जे करायचं तेच केलं. ते भरू लागले. आपली वेळ आली की घरातले सगळे मोबाइल, तुटक्या काचेचा जुना फोन, मुलाचा टॅब, पेन ड्राइव्ह असं सगळं पिशवीत घालून ते शिडीनं उतरायचे आणि सगळं काठोकाठ भरून वर यायचे. बातम्या भरायच्या, पाककृती भरायच्या, गुडघेदुखीवरचे उपाय भरायचे. आठ दिवसांचे ‘शुभ सकाळ’ एकदम भरून ठेवायचे आणि रोज सकाळी जिन्यात भेटेल त्याला एकेक दाखवायचा. हवामानाचा अंदाजही भरायचे. गेल्या शुक्रवारचं ऊन पुढच्या गुरुवारपर्यंत पुरायचं. भरलेल्यातलं किती वापरलं जायचं हे विचारू नये. सोसायटीच्या अंदाजानुसार चार टक्के, आणि त्यातले तीन टक्के गुडघे.

मग नवं भरायची वेळ आली की जुनं शिळं व्हायचं. शिडी उतरण्यापूर्वी लोक फोन हातात घेऊन भराभर सगळं पुसून टाकायचे. या ओघात एका गृहस्थांनी मुलाच्या लग्नाचे फोटोही ओतून दिले. ते हळहळले, पण शास्त्र म्हटलं की एवढं चालायचंच.

सेलूकरांच्या घरात मात्र शास्त्राचं उल्लंघन होत होतं, आणि ते भानुमतीबाई करत होत्या.

त्यांची मुलगी हिमानी पुण्याला असते. दुष्काळाच्या पहिल्याच वर्षी तिला मुलगी झाली, नीरजा. बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी बाळाचे कपडे धुवायला पाणी नव्हतं. भानुमतीबाई पुण्याला जाऊन दीड महिना राहिल्या आणि परत आल्या. त्यानंतर दोन वर्षं हिमानी आली नाही. तिनं यायचं म्हटलं की मधुसूदनराव फोनवर हिशोब सांगायचे: एक मोठं माणूस म्हणजे रोज तीन बादल्या, लहान मूल म्हणजे पाच, “तेव्हा यंदा राहू दे बेटा.” हिशोब बरोबर होता, त्यामुळं कुणाला रडताही येत नव्हतं. आपण पुण्याला जाऊ म्हटलं तर, आवर्तन चालू असताना मुख्यालय सोडता येत नाही, हे मधुसूदनरावांचं उत्तर ठरलेलं. त्यांना एकट्याला सोडून जावं, तर जिन्यानं बादल्या कोण चढवणार?

म्हणून आठ दिवसांतून एकदा भानुमतीबाई दुखरे गुडघे सांभाळत शिडी उतरायच्या, खुर्चीवर बसायच्या आणि व्हिडिओवर नातीला पाहायच्या. नीरजाला बोलता येऊ लागलं ते याच काळात. आजी म्हणजे मागं करडी भिंत, वर एक ट्यूबलाइट आणि दोनदा ऐकू येणारा आवाज, अशी तिची समजूत होती. पाळणाघरात कुणी विचारलं तर ती सांगायची, “माझी आजी टाकीत राहते.” (पाळणाघरानं एकदा हिमानीला बाजूला घेऊन हळूच चौकशी केली होती.)

हिमानी आईला नीरजाचे छोटे छोटे व्हिडिओ पाठवायची. भानुमतीबाई ते भरून घ्यायच्या आणि रोज एक पाहायच्या; कणीक मळून झाली की हात पुसून, ओट्याशी उभ्या राहून. पण नवे आले म्हणून जुने पुसायला त्या तयार नव्हत्या. मधुसूदनरावांनी समजावलं, “अगं, शिळे झाले ते.” त्या म्हणाल्या, “ती अशी परत होणाराय का?” यावर त्यांच्याकडं नियम नव्हता. एक व्हिडिओ तर त्या पुन्हापुन्हा पाहायच्या. त्यात नीरजा पडद्याला नाक लावून म्हणते, “आजी, बाहेर ये ना.” एवढंच. तो लागला की मधुसूदनराव पेपर वाचत असल्यासारखं करायचे.

त्या वर्षी श्रावणात नाशिककडं दणकून पाऊस झाला आणि जायकवाडीच्या धरणात पाणी आलं. शहराच्या नळांना जोर चढला. गोदातीरच्या हौदात आधी कंबरभर, मग गळ्याशी पाणी आलं आणि एका सकाळी हौद भरून पाणी फाटकाबाहेर रस्त्यावर वाहू लागलं. मल्हारी पळत वर आला. “काकू, लई पानी चाललंया वाया. मोटर लावू का? टाकी भरंल आज.”

टाकी भरणार होती. भानुमतीबाईंच्या मनात आधी काय आलं असेल ते सांगायला नको: महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. दोन वर्षं त्यांनी महालक्ष्म्यांचा सगळा थाट हौदाच्या पाण्यावर, लेकीवाचून उरकला होता. यंदा हिमानी येऊ शकत होती. नीरजा येऊ शकत होती.

मधुसूदनरावांच्या मनात आधी आलं ते असं, की टाकीत पाणी सोडणं हा कक्षाच्या वापरातला मूलभूत बदल आहे आणि त्याला सभा लागेल.

सभा झाली. पाण्याच्या बाजूनं आणि इंटरनेटच्या बाजूनं मोकळेपणानं मतं मांडली गेली. पाण्याचे दोष असे निघाले: ते जड असतं; ते पुण्या-मुंबईला पाठवता येत नाही; त्यात गुडघ्यांवरचे उपाय नसतात; आणि त्याशिवाय दोन वर्षं राहायची आता सवय झाली आहे. इंटरनेटची तशी सवय मोडलेली नाही. राउटर बाहेर काढून टाकी भरावी, असं विश्वजित म्हणाला, त्यावर किरणांचं काय, असा प्रश्न आला आणि सगळे त्याच्याकडं तो किरण असल्यासारखे पाहू लागले.

शेवटी मतदान ठरलं. ते पारदर्शक व्हावं म्हणून इंटरनेटवरूनच घ्यायचं ठरलं, म्हणजे ज्यानं त्यानं आपापल्या वेळेला टाकीत उतरून मत द्यायचं. त्याला पूर्ण एक आवर्तन लागलं. तितके दिवस हौद वाहत राहिला, रस्त्यावरचे लोक गाड्या धुऊन गेले आणि घराघरांत बादल्या पूर्वीसारख्याच जिन्यानं चढत राहिल्या. निकाल: इंटरनेट आठ, पाणी तीन. एक मत पडलं नाही, कारण ते गृहस्थ आपल्या वेळेत झोपले होते.

घरटी मत एकच होतं. सेलूकरांचं मत मधुसूदनरावांनी दिलं, आणि ते आठांत होतं.

“तुझ्यासाठीच दिलं,” ते घरी येऊन म्हणाले. “तुला हिमानी दिसायला नको का दर आठवड्याला?”

भानुमतीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “दिसायला नको,” त्या म्हणाल्या. “यायला हवीय.”

मधुसूदनरावांना हे लागलं. पण त्या दिवशी त्यांच्यावर पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाला लिहायच्या पत्राची जबाबदारी होती, आणि त्यात त्यांनी स्वतःला झोकून दिलं. उभ्या नोकरीत त्यांच्या हातून असा मसुदा उतरला नव्हता: ‘आपण पुरेशा दाबानं केलेल्या पाणीपुरवठ्याबद्दल संस्था आभारी आहे. तथापि, संस्थेच्या टाकीत सद्यःस्थितीत इंटरनेट साठविलेले असल्याने पाणी स्वीकारणे शक्य नाही. तरी टाकी रिकामी होताच आपणांस कळविण्यात येईल.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सेलूकरांच्या घराची वेळ होती. भानुमतीबाई नेहमीप्रमाणे वर गेल्या, नेहमीप्रमाणे शिडी उतरल्या आणि त्यांनी हिमानीला फोन लावला. बोलणं एका मिनिटात संपलं. “ये,” त्या म्हणाल्या. “पाणी आलंय.” मग त्या वर आल्या. तासातला बराचसा भाग शिल्लक होता.

“मल्हारी,” त्या म्हणाल्या, “ताजं आलंय. आतलं शिळं काढ.”

मल्हारीनं विचारलं, “समदं?”

“सगळं.”

“व्हय,” म्हणून तो उतरला. आधी खुर्ची वर आली, मग ट्यूबलाइट, मग वायरीसकट राउटर. तो त्यानं गच्चीवर एका विटेवर ठेवला आणि वर आपली छत्री उघडून लावली. टाकी त्यानं खराट्यानं झाडली, दोन बादल्यांनी धुतली आणि खाली जाऊन मोटर सुरू केली.

मोटरचा आवाज ऐकून मधुसूदनराव धापा टाकत गच्चीवर आले, तेव्हा पाण्याची धार टाकीच्या तळावर आपटत होती. ते काही बोलायला गेले. भानुमतीबाई म्हणाल्या, “नियम चार.”

ते तिथंच उभे राहिले. दिलेल्या वेळेत कक्षाचा उपयोग कशासाठी करायचा हा सर्वस्वी त्या घराचा अधिकार. इतरांनी आक्षेप घेऊ नये. वाक्य त्यांचंच होतं आणि त्यात कुठं फट नव्हती. इतकं चांगलं वाक्य आपण का लिहिलं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. मग त्यांनी टाकीत वाकून पाहिलं. पाणी चढत होतं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “दाब चांगलाय.”

सोसायटीत हाहाकार माजायला हवा होता. तो माजला नाही, कारण पहिले दोन दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. छत्रीखालचा राउटर आता बाराही घरांत भरपूर इंटरनेट पोचवत होता, पण लोकांना वाटलं, आपण भरून ठेवलेलंच यंदा पुरवठ्याला येतंय, आणि आपल्या वेळेलाही कुणी गच्चीकडं फिरकलं नाही. खरा प्रकार कळला तेव्हा नानासाहेबांचं डोकं किरणांमुळं भयंकर दुखू लागलं, हे त्यांनी सर्वांना ताबडतोब इंटरनेटवरून कळवलं. त्यावर एकसष्ट मतं आली. राउटर परत टाकीत ठेवा, अशी मागणी करताना लोकांनी नळ उघडे ठेवून आंघोळी केल्या. टाकी भरलेली असल्यामुळं मागणी तत्त्वतः मान्य करून स्थगित ठेवण्यात आली.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी हिमानी नीरजाला घेऊन आली. नीरजा घरात न शिरता आधी गच्चीवर गेली. तिला आजीचं घर बघायचं होतं. मल्हारीनं तिला उचलून झाकणातून आत दाखवलं. आत नुसतं पाणी. ती रडवेली झाली आणि मागं वळली, तर भानुमतीबाई उभ्या. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. आजीला पाय आहेत हे तिला माहीत नव्हतं. मग ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी ते पाय धरून बसली. मधुसूदनराव राउटरवरची छत्री सरळ करू लागले; ती सरळच होती.

महालक्ष्म्या थाटात झाल्या. पुरण झालं, सोळा भाज्या झाल्या, भांडी घासायला पाणी पुरून उरलं. हिमानीनं चार दिवस रजा वाढवली.

त्यातल्या तिसऱ्या दिवशीची सकाळ. नळाला पाणी, घरभर इंटरनेट, आवर्तनाची गरज कुणालाच नाही. हिमानी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती, कामाचं थोडंसं बघायचं म्हणून. नीरजा आजीचा फोन घेऊन पलंगाखाली पालथी पडली होती. मधुसूदनराव खिडकीशी, किरणांवरच्या एकसष्टाव्या मताला उत्तर लिहीत होते. भानुमतीबाईंनी कढत पाणी बादलीत ओतलं, त्यात गार पाणी घातलं, बोटानं पाहिलं आणि हाक मारली, “पाणी काढलंय गं.”

“आले,” हिमानी म्हणाली.

थोड्या वेळानं दुसरी हाक. “दोनच मिनिटं, आई.”

तिसरी हाक भानुमतीबाईंनी मारली नाही. त्या न्हाणीच्या दाराशी स्टुलावर बसल्या. नीरजाचा व्हिडिओ तरी पाहावा म्हणून त्यांनी कमरेला चाचपलं, तर फोन नीरजाकडंच होता.

गोदातीर सोसायटीतल्या लोकांचं वाचकांना हसू आलं असेल, आणि ते येणं रास्तच आहे. नऊ इंची भिंतींच्या टाकीत उतरून बसणारी माणसं रोज पाहायला मिळत नाहीत. फक्त एक गोष्ट नोंदवायची राहिली. आपण हे वाचत असताना आपल्याही घरातून कुणीतरी आपल्याला दोनदा हाक मारली आहे. पहिलीला आपण ‘आलो’ म्हणालात. दुसरी ऐकू आली नाही, यात आपला दोष नाही. भिंती तेवढ्या जाड असतातच. तिसरी येणार नाही. बादलीतलं पाणी गार होतंय.